लोणखेड्याचा चढ

१ ऑक्टोबर १९४१, बुधवार. शहादे

काल दसरा झाला. हे गेल्यानंतरचा पहिला. ज्येष्ठापासून ही वही बंद होती. आज उघडली, कारण दवाखान्याच्या नोंदवहीत खाजगी गोष्टी लिहिण्याची खोड लागू लागली आहे आणि ती मला चालणार नाही.

गाडीची पूजा झाली नाही असे सगळ्यांना वाटते. मंगलावन्सं सकाळीच म्हणाल्या, "औंदा गाडीले हार नको, वहिनी. करनारा गया. तुमना हातनी पूजा चालत नही." नणंदेच्या हाती घराची रीत आणि माझ्या हाती दवाखाना, अशी आमची वाटणी आहे. मी वाद घातला नाही.

दुपारी त्या झोपल्यावर छपरीत गेले. यांची गाडी. चौदा वर्षे दर दसऱ्याला ते तिला झेंडू वाहत आणि पुढच्या दिव्याला लाल दोरा बांधत. माझा पूजेवर विश्वास नाही; कॉलेजात असतानाच तो गेला. तरीही बॉनेट उघडून आत, कोणाला दिसणार नाही अशा जागी, एका दांडीला दोरा गुंडाळला आणि घट्ट गाठ मारली. हळद-कुंकू लावले नाही. विषय संपला.

आमचा ड्रायव्हर पौलस दारात उभा होता. किती वेळ, ठाऊक नाही. तो पंप घेऊन चाकात हवा भरायला लागला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

थंडी पडली. सोमवारचा प्रकाशा गावचा दवाखाना. घरून निघाले की पाव मैलावर गोमाई नदीचे पात्र, आणि पलीकडे लोणखेड्याचा चढ. आज चढावर गाडीने आचके दिले. पौलसने पाय दाबला की ती पुढे जाण्याऐवजी श्वास अडकल्यासारखी थांबे, मग खोकून एक ढांग टाके. लोणखेडे ओलांडल्यावर काही तक्रार नाही. आठ मैल लोण्यासारखी धावली. परत येताना तोच चढ उतरताना आणि शहाद्याचा चढ चढताना काहीच नाही.

पौलसला विचारले, काय झाले. म्हणाला, "थंडीचं आहे, बाई." हे उत्तर नव्हे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

रतिलाल मिस्त्रीकडे गाडी पाठवली. कपाशीच्या जिनाजवळ त्याचे दुकान आहे. ट्रका, तेलाची इंजिने, शिवणयंत्रे सगळे तो पाहतो. दुपारी रुग्ण तपासून मी स्वतः गेले. त्याने इंजिन सुरू ठेवून कान लावला, प्लग काढून पुसले, कार्बुरेटर खोलून फुंकला आणि पुन्हा बसवला.

"बाई, तुमनी गाडी ते घोडी शे. काहीच व्हयेल नही."

"सकाळी चढावर अडते."

"सकाळे मानूसबी अडस. चहा पाजा तिले." आपल्याच विनोदावर तो हसला. बॉनेट मिटताना त्याचे बोट दोऱ्याशी थांबले. त्याने हात कपाळाला लावला आणि दोरा आहे तसा राहू दिला. निदान त्याच्या तोंडाला कुलूप आहे, वन्संपर्यंत जाणार नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

गाडीने त्रास दिला नाही. रतिलालच्या फुंकण्याचा गुण म्हणायचा.

प्रकाशाला भिकुबाई तपासली. नवल पाटलाची बायको, वय चोवीस. दोन मुले जन्मताना गेली. दोन्ही खेपेला सुईणीने गर्भाचे पाणी जाऊ दिले आणि मग वाट पाहत बसली. या खेपेलाही मूल आडवे आहे. बाहेरून वळवले, पण ते पुन्हा फिरणार हे मला दिसते. कळा सुरू होताच पोचले आणि पाणी जाण्याआधी वळवता आले, तर मूल हाती लागेल. पाणी गेल्यावर नाही. हे मी तिला, नवलला आणि सासूला तीन वेळा सांगितले.

शहाद्याला माझ्याकडे येऊन राहा म्हटले. सासूने मान हलवली. भरल्या पोटाने गोमाई ओलांडायची नाही असे त्यांच्या घरात आहे. मी रागाने बोलले. नदीची वाट अडवून उभ्या असलेल्या म्हातारीला शास्त्र समजावणे हे माझे वीस वर्षांचे काम आहे आणि त्यात मला यश आलेले नाही.

निघताना भिकुबाईने पदर धरला. "डाक्टरबाई, या खेपले येळवर या. मन्हा दोन गयात."

"येईन," म्हणाले. मी शब्द देत नाही सहसा.

२ डिसेंबर, मंगळवार

टाकीत पट्टी घालून पेट्रोल मोजले. सोमवारच्या फेरीला लागते ते वजा करूनही जवळजवळ अर्धा गॅलन कमी. सध्या पेट्रोल कुपनावर मिळते. दवाखान्याची गाडी म्हणून मला थोडे जास्त मिळते, आणि ते अर्ज करून करून मिळवले आहे. टाकीला भोक नाही. मी खाली वाकून पाहिले.

मंगलावन्सं म्हणाल्या, "तो किरिस्ताव भल्या पहाटे छपरीमा काय करस, कधी इचारं का? रोज आवाज येस."

विचारलेले नाही. पौलस नऊ वर्षे आमच्याकडे आहे. नवापूरकडच्या डोंगराचा, मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. यांनीच त्याला गाडी शिकवली. त्याच्या मराठीत चूक नसते, कारण ती त्याने पुस्तकातून घेतली; घरी बायकोशी, सुसानाशी, तो दुसरेच काही बोलतो. हे हयात असताना मला पौलसवर नजर ठेवावी लागली नाही.

३ डिसेंबर, बुधवार

पहाटे उठून छपरीत गेले. गाडी सुरू होती आणि पौलस फडक्याने काच पुसत होता.

"कुठे निघालास?"

"कुठे नाही, बाई. तापवून ठेवतो. तापली की चढावर अडत नाही."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं. कधी पंधरा."

"रोज?"

"जाणार त्या दिवशी. आणि मधून एकदा, तब्येत बघायला."

जागच्या जागी पेट्रोल जाळायचे, आणि तेही रेशनच्या दिवसांत. त्यातले किती जळते आणि किती डब्यातून बाहेर जाते हे कोण सांगणार. छपरीला कुलूप लावले, किल्ली माझ्या कनवटीला. नवा नियम सांगितला: मी गाडीत बसल्याशिवाय पुढचे हँडल मारून गाडी सुरू करायची नाही.

तो म्हणाला, "बाई, एक सांगायचं होतं. दसऱ्यापासून तिथे आत..." आणि थांबला. मागे मंगलावन्सं तुळशीला पाणी घालत होत्या.

"दसऱ्याचा काय संबंध?"

"तुमच्या हातानेच व्हायला हवं ते. मी नाही करू शकत."

मिशनच्या शाळेत शिकलेला माणूसही शेवटी दसरा, पूजा, गाडीला लागलेली नजर यावरच येतो. मी म्हणाले, "इंजिन लोखंडाचे आहे, पौलस. त्याला दसरा कळत नाही." तो "हो, बाई" म्हणाला आणि घरी गेला.

८ डिसेंबर, सोमवार

नियमाप्रमाणे मी बसल्यावर गाडी सुरू झाली. लोणखेड्याच्या चढावर दोनदा बंद पडली. पौलस हँडल मारून घामाघूम. लोणखेड्याची चार माणसे कपाशीच्या गाड्या थांबवून तमाशा बघत होती. एकजण म्हणाला, "डाक्टरीनबाईना गाडीले दवाखानामा लई जा." मी ऐकले नाही असे दाखवले. वीस मिनिटांनी चढलो.

भिकुबाईचे मूल पुन्हा आडवे. वळवले.

परतल्यावर गाडी थेट रतिलालकडे. त्याने पुन्हा ऐकली. ठणठणीत. म्हणाला, "पेट्रोलमा घासलेट व्हई. आजकाल सगया करतस." मला हेच हवे होते: अडण्याचे कारण आणि तुटीचे कारण एकाच वाक्यात. काढायचे पेट्रोल, भरायचे रॉकेल. थंडीत रॉकेल पेटत नाही, तापल्यावर पेटते. लक्षणे तंतोतंत जुळतात.

१५ डिसेंबर, सोमवार

प्रकाशाहून परतताना पौलस म्हणाला, "बाई, रतिलालकडे आपण तिला दुपारी नेतो. दुपारी ती आजारी नसते. पहाटे त्याला इकडे बोलवा, थंड असताना बॉनेट उघडून झडप बघायला सांगा."

"मिस्त्री तू आहेस का तो?"

"तो आहे."

"मग त्याने पाहिले आहे."

हे लिहिताना जाणवते की बोलणे उद्धट नव्हते. पण चोर सहसा उद्धट नसतो.

माझ्या तपासण्याच्या खोलीत बायका येतात, त्या डोके दुखते म्हणून सांगतात. दुसऱ्यांदा विचारले की पाठ. तिसऱ्यांदा विचारले की खरे. माझी सारी विद्या त्या तिसऱ्या प्रश्नात आहे, असे हे म्हणत. आज का आठवले?

२२ डिसेंबर, सोमवार

पौलसला काढले.

सकाळी चढावर पाऊण तास. खाली उतरून मी स्वतः टाकीतले पेट्रोल बाटलीत घेऊन हुंगले. मला रॉकेलचा वास आला. पौलसने हुंगून सांगितले की नाही येत. नवल पाटलाचा निरोप वाटेतच भेटला: पुढच्या पंधरवड्यात कधीही. दोन आठवडे अशा गाडीवर आणि अशा माणसावर काढणे शक्य नाही. त्यात त्याने नाताळासाठी चार दिवसांची रजाही मागितली होती.

दुपारी ओसरीवर बोलावले. मंगलावन्सं दाराशी उभ्या होत्या.

"पेट्रोल कुठे जाते?"

"गाडीत जळतं, बाई."

"रॉकेल कोण भरते?"

"कोणी नाही."

"मग गाडी अडते का?"

त्याने वन्संकडे पाहिले, मग माझ्याकडे. "मला नाही सांगता येणार," म्हणाला. हा कबुलीजबाबच झाला.

त्याने प्रमाणपत्र मागितले. मी खोटे लिहीत नाही. 'नऊ वर्षे चाकरीस होता. गाडी उत्तम चालवतो. पेट्रोलच्या बाबतीत भरवशाचा नाही.' त्याने ते उभ्यानेच वाचले, घडी घातली आणि खिशात ठेवले. सुसाना फाटकाशी डोक्यावर बोचके घेऊन थांबली होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

यांच्या वेळी असे झाले नसते, असे मनात आले. यांच्या वेळी पेट्रोल मोजावे लागत नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

२९ डिसेंबर, सोमवार

नवा ड्रायव्हर करमसिंग. पूर्वी कपाशीची ट्रक चालवत असे. मोठ्या आवाजाचा, गाडीला हाताने थोपटतो. टाकी पूर्ण रिकामी करून नवे पेट्रोल भरले. रॉकेलचा प्रश्न मिटला.

चढावर गाडी अडली.

करमसिंग म्हणाला, "बाई, जरा तपाडी देऊत का पयले?" त्याला नियम सांगितला. मनात म्हटले, जुन्या रॉकेलचा अंश नळीत राहिला असेल. मनात म्हटले, हे लिहून ठेवण्याची गरज नाही. लिहिले आहे.

७ जानेवारी १९४२, बुधवार

सकाळी सहाला नवलचा भाऊ घोड्यावरून आला. कळा पाचला सुरू झाल्या, पाणी गेलेले नाही. वेळ होता. भरपूर वेळ होता.

सव्वासहाला गाडीत बसले. त्याआधी हँडल मारले नव्हते, कारण तो माझाच नियम. हिवाने हाताची बोटे वळत नव्हती. गोमाई उतरली. चढावर गाडी थांबली, मागे घसरली, पुन्हा थांबली. करमसिंगने हँडल मारले, शिव्या घातल्या, पुन्हा मारले. "गाडी चढी नही ऱ्हायनी, बाई. इले दमच नही." साडेसात झाले. लोणखेड्याच्या माणसांनी ढकलून पाहिले. आज कोणी थट्टा केली नाही.

मी पिशवी घेऊन पायी चढ चढले आणि एका शेतकऱ्याची बैलगाडी घेतली. बैल चालले ते बैलांच्या चालीने.

साडेनऊच्या सुमारास अर्ध्या वाटेत मागून गाडी आली. लोण्यासारखी, एक आचका नाही. उन्हात तापून आणि तासभर हँडल खाऊन ती शेवटी सुरू झाली होती. तीत बसून पावणेदहाला पोचले.

पाणी नऊला गेले. मुलाचा हात बाहेर आला होता. सासूने त्याला तेल लावून आत सारायचा प्रयत्न केला होता. हाताला नाडी नव्हती.

पुढचे चार तास आईसाठी होते. आई वाचली. मुलगी होती, पुरी वाढलेली, डोक्यावर भरपूर केस. पाऊण तास आधी असते तर.

भिकुबाईने फक्त विचारले, "गाडी नही व्हती का, बाई?"

"होती," म्हणाले.

नवल ओट्यावर बसला होता. तो उठून उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "तुमनी काय चूक, बाई. आमनं नशीब." मला कोणी मारले असते तर बरे वाटले असते.

नोंदवहीत लिहिले: 'आडवे मूल. पोचण्यास विलंब. कारण, पूर्वीच्या चालकाच्या निष्काळजीपणामुळे वाहन नादुरुस्त.'

११ जानेवारी, रविवार

चार दिवस ते शेवटचे वाक्य डोळ्यांपुढे आहे. पेट्रोल नवे आहे. चालक नवा आहे. प्लग, तारा, नळी, सगळे रतिलालने दोनदा पाहिले. रोग तोच आहे. रुग्णाला मी असे सोडले असते का?

ताप चढलेला असताना रुग्ण तपासा, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवले. मी गाडी कायम ताप उतरल्यावर दाखवत आले.

म्हणून आज उजाडताना करमसिंगला बोलावले. गाडी बर्फासारखी. मी शाल गुंडाळून स्वतः बॉनेट उघडले आणि त्याला म्हणाले, चोक ओढ. चोक म्हणजे थंड इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त मिळावे म्हणून कार्बुरेटरच्या तोंडावरची झडप मिटवण्याची तार. त्याने ओढला. बाहेरची मूठ पूर्ण आली. आत झडप अर्धी मिटली आणि थांबली.

"अजून ओढ."

"आख्खा ताणी लिधा, बाई."

झडपेच्या दांडीला माझा दोरा होता, शेजारच्या नळीत गुंतलेला. दांडी फिरे, दोरा ताणला जाई, आणि झडप अर्धी उघडीच राही. थंड इंजिनाला नुसती हवा. तापल्यावर चोक लागतच नाही, म्हणून तापल्यावर दोष नाही. दसऱ्याला ऊन होते, म्हणून तेव्हाही नाही.

ड्रेसिंगच्या कात्रीने कापला. करमसिंगने हँडल मारले. पहिल्या फेरीत सुरू झाली.

करमसिंग म्हणाला, "कोन बांधं व्हई हाई येड्याना कारभार?"

मंगलावन्सं ओसरीवर उभ्या होत्या. मी म्हणाले, "माहीत नाही."

वीस वर्षांत मी रुग्णाला खोटे बोलले असेन, ते त्याच्या भल्यासाठी. हे माझ्या भल्यासाठी होते. इतक्या सहज आले.

१२ जानेवारी, सोमवार

चढ एका दमात. प्रकाशाला आठलाच पोचले. भिकुबाईला ताप नाही, दूध सुकवण्यासाठी पट्टी बांधली. ती भिंतीकडे तोंड करून होती.

पौलसचा पत्ता कोणाला नाही. नवापूरकडे गेला म्हणतात. त्या प्रमाणपत्रावर त्याला कोणी गाडी देणार नाही हे मी लिहिताना जाणत होते. त्यासाठीच लिहिले होते.

१ फेब्रुवारी, रविवार

सापडला. रतिलालने सांगितले, नाताळानंतर तो प्रकाशाच्या घाटावर मजुरी करतो. तापीच्या नावेत कपाशीची गाठोडी चढवतो, माणसे उतरवतो. म्हणजे गेले तीन सोमवार मी त्याच्यापासून दोन फर्लांगांवर बसून बायका तपासत होते.

आज मुद्दाम गेले. गाडी वर ठेवून घाट उतरले. तो कमरेएवढ्या पाण्यात नाव धरून उभा होता. प्रवासी उतरेपर्यंत हलला नाही. मग बाहेर आला आणि ओले धोतर पिळून, पूर्वी गाडीजवळ उभा राही तसा, जरा बाजूला उभा राहिला.

"काढला तुम्ही," म्हणाला.

"तुला कसे कळले?"

"गाडी वरच्या रस्त्याने येते ना दर सोमवारी. ऐकू येते. तीन सोमवार झाले, वेळेवर येते. आधी उशीर व्हायचा."

"तू पाहिला होतास दोरा."

"बांधताना पाहिला, बाई."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो होतो एकदा. मंगलाबाई मागे होत्या. त्यांच्यासमोर सांगायचं की विधवा बाईंनी पूजा केली? नंतर तुम्ही पुढचं विचारलं नाही."

"स्वतः कापायचास."

"दोन वर्षांपूर्वी पूजेच्या नारळाला माझा हात लागला म्हणून मंगलाबाईंनी सगळं गोमूत्राने धुतलं होतं. आणि तो दोरा देवाचा नव्हता. साहेबांचा होता. माझ्या हाताने कसा तोडायचा? म्हणून तापवून ठेवायचो." मग म्हणाला, "कुलूप नसतं लावलं तर थंडी निघाली असती. फाल्गुनात तो आपोआप निरुपद्रवी झाला असता."

मी नवे प्रमाणपत्र आणले होते. 'पूर्वीचे रद्द. हा मनुष्य संपूर्ण विश्वासू असून दोष...' पुढे खरे कारण लिहिले होते, दोऱ्यासह. त्याने ते वाचले. आणि परत दिले.

"शेवटच्या दोन ओळी काढा, बाई. हे मी ज्याला दाखवीन तो शहाद्यात बोलेल. मंगलाबाईंच्या कानी जाईल."

मी म्हणाले, जाऊ दे. तो म्हणाला, नको. आमच्यात कधी नव्हे तो एवढा वाद झाला. शेवटी मी गुडघ्यावर कागद ठेवून त्या दोन ओळी खोडल्या, कारण तो तशाशिवाय घेईना. तो वाचत असताना मला जाणवले की त्या खोडताना मला सुटल्यासारखे वाटले, आणि त्याने ते पाहिले.

"परत ये," म्हणाले. "पगार वाढवीन."

"सुसाना नाही म्हणते, बाई."

"आणि तू?"

"नवल पाटलाची मुलगी मीच पुरली. घाटाच्या वरच्या बाजूला, त्यांनी बोलावलं म्हणून. नवापूरहून त्याच आठवड्यात आलो होतो. गाडीत बसलो तर रोज तो चढ आला." पलीकडून कोणी हाक मारली, तसा तो नावेकडे गेला.

घरी येऊन नोंदवही उघडली. सात जानेवारीच्या ओळीवर रेघ मारली आणि वर लिहिले: 'कारण, डॉक्टर.' दोऱ्याचे लिहिले नाही. ती वही वन्सं चाळतात.

२ फेब्रुवारी, सोमवार

कडाक्याची थंडी. चोक पूर्ण मिटला, गाडी पहिल्या हँडलला सुरू झाली. लोणखेड्याचा चढ न थांबता चढली. प्रकाशाला साडेसातला पोचले, वेळेच्या अर्धा तास आधी.

दुपारी बारापर्यंत बसले. एकही बाई आली नाही. सुईणीच्या दारात मात्र तीन बैलगाड्या सोडलेल्या होत्या.